कांच, काँक्रीट आणि माणूस



"घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अर्थ लावतांना आपण नेहमीं खर्चाचा आणि मनस्तापाचाच विचार करतों. परंतु मला वाटतें, तिच्यांत आणखीहि एक अर्थ दडलेला आहे. लग्न सुखाचें झालें कीं नाहीं हें जसें मांडवांत कळत नाहीं, तसें घर चांगलें झालें कीं नाहीं हें वास्तुशांतीच्या दिवशीं कळत नाहीं. त्यासाठीं त्या घरांत कांहीं उन्हाळे आणि कांहीं पावसाळे काढावे लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यास जगांत ज्या नव्या तऱ्हेच्या वास्तू उभ्या राहिल्या, त्यांना आतां साठ-सत्तर वर्षें होऊन गेलीं आहेत. त्यांचे वास्तुशिल्पज्ञ हयात नाहींत. त्यांच्यावर झालेली स्तुति आणि टीका दोन्हीहि जुनीं झालीं आहेत. तेव्हां त्यांच्याकडे शांतपणें पाहण्यास हा काळ योग्य आहे.

रेडिओवर इमारतींविषयीं बोलणें हें तसें अवघड काम. येथें चित्र दाखवितां येत नाहीं, नकाशा पुढें पसरतां येत नाहीं. म्हणून मीं थोड्याच वास्तू निवडल्या आहेत. आणि त्यांच्या रूपापेक्षां, त्यांच्यांत जीं माणसें राहिलीं, त्यांच्यासाठीं जीं झगडलीं आणि त्यांच्यावर जीं रागावलीं, त्यांच्याकडे अधिक पाहण्याचें ठरविलें आहे.

प्रथम ह्या वास्तुकलेंत नवें तें काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हजारों वर्षें इमारतीचा भार बहुधा भिंतींनींच वाहिला. भिंत जितकी उंच तितकी ती जाड. आणि तिला खिडकी पाडावयाची म्हणजे तिचा जोर तेवढा कमी करावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोलादाचा सांगाडा आणि सळया घातलेलें काँक्रीट हीं दोन साधनें माणसाच्या हातीं आलीं, आणि भार भिंतींवरून उतरून खांबांवर गेला. भिंत मोकळी झाली. ती हवी तेथें ठेवावी, नको तेथून काढावी, किंवा सबंध कांचेची करावी! ग्रोपिअसनें जर्मनींत डेसाउ येथें १९२६ सालीं उभारलेली बाउहाउसची शाळा आणि ल कॉर्ब्युझिएनें पॅरिसजवळ प्वासी येथें १९३१ मध्यें पुरें केलेलें सव्हॉय कुटुंबाचें घर, हीं या मोकळेपणाचीं प्रसिद्ध उदाहरणें. परंतु दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हें थोड्या लोकांचें मत होतें. युद्धानंतर तें जगाचें वळण झालें. एक तर युरोपांत शहरेंच्या शहरें जमीनदोस्त झालीं होतीं, आणि घरें लवकर व पुष्कळ हवीं होतीं. दुसरें असें कीं, हिटलरच्या राजवटीमुळें ग्रोपिअस, मीस व्हान डेर रोह यांसारखे शिल्पज्ञ अमेरिकेंत जाऊन पोंचले होते. आणि तेथें पोलाद, पैसा व विद्यार्थी यांपैकीं कशाचाच तोटा नव्हता.

पहिली गोष्ट अमेरिकेंतलीच घेऊं. शिकागो शहरांत एडिथ फार्न्सवर्थ या नांवाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मूत्रपिंडाच्या विकारांत त्यांचा विशेष अभ्यास होता. शहरापासून दूर, प्लेनो गांवाजवळ फॉक्स नदीच्या कांठीं त्यांनीं जागा घेतली होती. आठवडाभराच्या दगदगीनंतर विसांवा घ्यावयास तेथें एक लहानसें घर असावें, एवढीच त्यांची इच्छा. १९४५ मध्यें एका मेजवानीच्या प्रसंगीं त्यांची मीसशीं गांठ पडली, आणि त्यानें हें काम स्वीकारलें. पुढें बांधकाम सुरू होऊन १९५१ सालीं घर पुरें झालें.

तें घर मनापुढें उभें करणें कठिण नाहीं. नदीकांठच्या गवतांत आठ पांढरे पोलादी खांब उभे आहेत. जमिनीपासून सुमारें सव्वापांच फुटांवर त्यांना धरून एक आडवी फरसबंद जमीन, आणि तिच्यावर तसेंच एक आडवें छप्पर. या दोहोंच्या मधें चारी बाजूंनीं फक्त कांच! आंत खोली अशी एकहि नाहीं. मध्यभागीं लांकडानें मढविलेला एक गाभा. त्यांत दोन न्हाणीघरें आणि चूल पेटविण्याची जागा, एका बाजूस स्वयंपाकाची सोय. बाकी सारा अवकाश मोकळा. बाहेरचीं झाडें हींच घराच्या भिंतींवरचीं चित्रें. बर्फ पडलें कीं घर पांढरें, पानगळ आली कीं सोनेरी. याहून कमी सामग्रींत याहून निर्मळ वास्तु निर्माण करणें कठिण, असें जाणते लोक म्हणाले, आणि तें खरेंहि आहे.

पण राहावयाचें होतें तें डॉक्टरीणबाईंना. उन्हाळ्यांत त्या कांचेंतून ऊन्ह आंत येई, आणि वारा यावयास पूर्वेकडच्या दोन लहान खिडक्या आणि दार याखेरीज वाट नव्हती. थंडींत कांचेला आंतून घाम येई. रात्रीं दिवा लागला कीं नदीकांठचे सारे किडे त्या उजेडावर धांवून येत. कपडे टांगावयास सुद्धां धड सोय नव्हती. कचऱ्याची पेटी ओट्याखालीं ठेवावयाची झाली तरी ती बाहेरून कशी दिसेल याचा विचार करावा लागतो, अशी तक्रार त्यांनीं पुढें वृत्तपत्रांतून केली. या घरांत आपण राहात नसून प्रदर्शनांत मांडलेलों आहोंत, असें एखाद्या गृहिणीला वाटावें, तेंच त्यांना वाटलें. त्यांतच खर्च अंदाजाबाहेर गेला. तो सुमारें ७४ हजार डॉलरांवर पोंचला. मीसनें राहिलेल्या पैशांसाठीं खटला भरला, बाईंनीं उलट दावा लावला. निकाल मीसच्या बाजूनें लागला आणि शेवटीं तडजोड झाली. परंतु ज्या स्नेहांतून तें घर उभें राहिलें होतें तो कायमचा संपला.

नदीनेंहि आपला निकाल दिला. घर सव्वापांच फूट उचललेलें होतें. पण १९५४ च्या पुरानें ती मर्यादा मोडली, आणि १९९६ च्या महापुरांत कांचा फुटून पाणी घरभर पसरलें. एवढें असूनहि बाई तेथें वीस वर्षें येत-जात राहिल्या, हें विसरतां कामा नये. १९७२ मध्यें त्यांनीं घर विकलें. पुढें २००३ सालीं तें लिलांवांत निघालें, तेव्हां अमेरिकेंतील वास्तुरक्षण करणाऱ्या संस्थांनीं ७५ लाख डॉलर मोजून तें घेतलें आणि सर्वांस पाहण्यास खुलें केलें. २०२१ मध्यें त्या घराला बाईंचें पूर्ण नांव देण्यांत आलें. सत्तर वर्षें जें घर मीसचें म्हणून ओळखलें गेलें, तें शेवटीं एडिथ फार्न्सवर्थ यांचें झालें!

या भांडणांत चूक कोणाची? मला वाटतें, दोघेंहि आपापल्या जागीं खरीं होतीं. मीसला एक विचार शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पाहावयाचा होता; बाईंना घर हवें होतें. विचार सिद्ध झाला, घर मात्र पुरतें झालें नाहीं. त्याच मीसनें न्यूयॉर्कमध्यें १९५८ सालीं सीग्रॅम कंपनीची ३८ मजली कचेरी बांधली, तेव्हां हाच कांच-पोलादाचा विचार शोभून दिसला. कारण कचेरींत माणूस दिवसापुरता जातो. मालकाची कन्या फिलिस लँबर्ट हिनें बापाला खरमरीत पत्र लिहून आधींचा सामान्य आराखडा रद्द करविला, आणि मीसची निवड केली. त्यानें इमारत रस्त्यापासून सुमारें नव्वद फूट मागें घेऊन पुढें सर्व लोकांसाठीं मोकळें आंगण सोडलें. ज्या शहरांत इंच-इंच जागेचें सोनें होतें, तेथें ही गोष्ट एवढी ठसली कीं, १९६१ मध्यें नगररचनेचे नियम बदलून, असें आंगण सोडणारास वर अधिक मजले चढविण्याची सवलत देण्यांत आली. आणखी एक गंमत येथेंच सांगतों. आगीच्या नियमांमुळें पोलादी सांगाडा काँक्रीटमध्यें झांकावा लागला. तेव्हां आंत पोलाद आहे हें बाहेरून कळावें म्हणून मीसनें दर्शनी भागावर कांशाच्या उभ्या पट्ट्या लावल्या. त्या कसलाहि भार वाहात नाहींत. जो शिल्पज्ञ अलंकाराचा शत्रु म्हणून प्रसिद्ध, त्यालाहि सत्य दिसावें म्हणून अलंकार घालावा लागला!

आतां फ्रान्सकडे वळूं. युद्ध संपलें तेव्हां मार्सेय बंदराची पुष्कळ नासधूस झाली होती. फ्रेंच सरकारच्या पुनर्रचना खात्यानें ल कॉर्ब्युझिएला एक मोठी वसाहत बांधावयास सांगितलें. त्यानें वसाहत न बांधतां एकच इमारत बांधली! लांबी सुमारें १३७ मीटर, रुंदी २४ मीटर, उंची ५६ मीटर. आंत ३३७ बिऱ्हाडें, आणि सुमारें सोळाशें माणसांची वस्ती. सबंध इमारत जाडजूड खांबांवर उचललेली. खालून माणसांनीं आणि वाऱ्यानें मोकळेपणानें जावें. १९४७ च्या ऑक्टोबरांत पाया घातला आणि बरोबर पांच वर्षांनीं, १९५२ च्या ऑक्टोबरांत, उद्घाटन झालें.

तिच्या रचनेंतली खरी युक्ति अशी. आपल्याकडील चाळींत खोल्यांच्या पुढून उघडी गॅलरी जाते. उजेड असतो, पण मागची बाजू कोंदट. येथें इमारतीच्या पोटांतून दर तिसऱ्या मजल्यावर एक रस्ता नेलेला आहे, आणि प्रत्येक मोठें बिऱ्हाड दुमजली असून त्या रस्त्याच्या वरून किंवा खालून आरपार दुसऱ्या बाजूस गेलेलें आहे. त्यामुळें एका टोकाला सकाळचें ऊन्ह, दुसऱ्या टोकाला संध्याकाळचें. आणि मधून वारा खेळता. बसण्याची जागा दोन मजले उंच. स्वयंपाकघराची मांडणी शार्लोत पेरियां या कल्पक स्त्रीच्या मदतीनें ठरविलेली. शिजविणारी व्यक्ति घराच्या गप्पांपासून तुटूं नये, अशी ती बेतलेली. मधल्या मजल्यांवर दुकानें आणि एक लहानसें हॉटेल. गच्चीवर बालकमंदिर, मुलांना डुंबावयास उथळ हौद, व्यायामशाळा आणि धांवण्याची वाट; आणि चोहोंकडे समुद्र व डोंगर.

युद्धानंतर पोलादाची टंचाई होती. म्हणून सारी इमारत काँक्रीटमध्यें ओतली. ओतण्यासाठीं वापरलेल्या लांकडी फळ्यांचे ठसे पृष्ठभागावर जसेच्या तसे उमटले. ते घोंटून, रंगवून झांकण्याऐवजीं ल कॉर्ब्युझिएनें तसेच राहूं दिले. जशा माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. पुढें या उघड्या, खडबडीत काँक्रीटचा एक पंथच निघाला.

मार्सेयच्या लोकांनीं मात्र या इमारतीला 'माथेफिरूचें घर' असें नांव ठेवलें. देशाच्या सौंदर्याला बाध येतो म्हणून एका संस्थेनें खटलाहि भरला. अशा घरांत राहाणारांच्या डोक्यावर परिणाम होईल, असेंहि बोललें गेलें. पण झालें उलटेंच. जे राहावयास आले ते टिकले. पुढें सरकारनें बिऱ्हाडें एकेकास विकलीं, आणि घेणारांनीं तीं जपलीं. आंतल्या बाजाराचें गणित फारसें जमलें नाहीं, हें खरें. सोळाशें माणसांच्या गिऱ्हाइकीवर दुकानांचा पुरा रस्ता चालत नाहीं. २०१२ मध्यें आगींत कांहीं बिऱ्हाडें जळालीं, तींहि दुरुस्त झालीं. २०१६ सालीं ही इमारत जागतिक वारसा ठरली, आणि 'माथेफिरूचें घर' हें नांव आतां लोक लाडानें घेतात.

मग वाटेल कीं, मार्सेयचा धडा गिरवला म्हणजे गरिबांच्या घरांचा प्रश्न सुटला. या समजुतीला अमेरिकेंतील सेंट लुई शहरानें जबरदस्त तडाखा दिला. तेथें १९५४ पासून प्रुइट-आयगो नांवाची सरकारी वसाहत वसूं लागली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, जवळजवळ २,८७० बिऱ्हाडें. शिल्पज्ञ मिनोरु यामासाकी. ज्यानें पुढें न्यूयॉर्कचे ते जुळे मनोरे बांधले तोच. येथेंहि लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावर थांबे, आणि तेथें रुंद गॅलऱ्या ठेवलेल्या. मुलें खेळतील, बायका बसतील, शेजार जमेल, अशी कल्पना. परंतु वीस वर्षेंहि झालीं नाहींत तोंच, १९७२ च्या मार्चमध्यें सुरुंग लावून तिच्या इमारती पाडावयास सुरुवात झाली, आणि १९७६ पर्यंत सबंध वसाहत नाहींशी झाली. चार्ल्स जेंक्स या टीकाकारानें तर त्या स्फोटाबरोबर आधुनिक वास्तुकलेचा मृत्यु झाला, असेंच जाहीर केलें.

पण थोडें खोलांत गेलें म्हणजे निराळें दिसतें. बांधण्यासाठीं पैसा मध्यवर्ती सरकारनें दिला होता; राखण्यासाठीं मात्र भाडेकरूंच्या भाड्यावरच भागवावयाचें होतें. शहरांतून कारखाने आणि सुस्थितींतले लोक बाहेर जात होते, बिऱ्हाडें रिकामीं पडूं लागलीं, भाडें आटलें. भाडें आटलें म्हणून लिफ्ट बंद पडली, नळ फुटले, दिवे गेले. आणि दिवे गेले म्हणून उरलीं तींहि कुटुंबें निघून गेलीं. सरकारी मदत घेणाऱ्या घरांत धडधाकट पुरुषानें राहूं नये असे नियम होते. त्यांनीं कुटुंबेंच फोडलीं. वसाहत प्रथम काळ्या व गोऱ्या लोकांसाठीं वेगवेगळी आंखली होती. भेद कायद्यानें गेला, मनांतून गेला नाहीं, आणि गोरे भाडेकरू राहिले नाहींत. त्या गॅलऱ्यांत शेजार जमला नाहीं, भीति मात्र जमली. म्हणजे मार्सेयला जी युक्ति फळली तीच येथें बुडाली. फरक शिल्पज्ञाच्या बुद्धींत नव्हता. फरक हा कीं, एका घराची जपणूक करणारें कोणी होतें आणि दुसऱ्याची करणारें कोणी नव्हतें. इमारत पडली म्हणून शिल्पज्ञास दोष देणें सोपें असतें. दुरुस्तीचा पैसा कोणी अडविला, हें विचारणें कठिण असतें.

आतां एक निराळी गोष्ट, ऑस्ट्रेलियाची. सिडनी बंदराच्या ऐन मुखापाशीं नव्हे, पण आंतल्या खाडींत पाण्यांत शिरलेल्या एका टोंकावर संगीतगृह बांधण्याचें ठरलें, आणि जगभरच्या शिल्पज्ञांकडून आराखडे मागविण्यांत आले. २३३ आले. १९५७ च्या जानेवारींत निकाल लागला: डेन्मार्कचा योर्न उत्झन. वय अवघें ३८. नांव फारसें कोणाला ठाऊक नाहीं. त्याच्या रेखाटनांत पाण्यावर शिडें फुगावींत तशीं पांढरीं छपरें होतीं. सुंदर होतीं, पण तीं उभीं कशीं करावींत हें कोणासच सांगतां येत नव्हतें!

न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री जोसेफ काहिल यांचा या कामावर फार जीव. निवडणूक पुढें आली होती; राजकारणाचा वारा फिरला तर काम बारगळेल, म्हणून छपरांचें गणित सुटण्याआधींच १९५९ च्या मार्चमध्यें त्यांनीं बांधकाम सुरू करविलें. त्याच वर्षीं ते वारले. घाईचें फळ असें कीं, खालचा चौथरा झाल्यावर वरचा भार त्याला पेलणार नाहीं असें दिसून आलें आणि कांहीं खांब फोडून पुन्हां बांधावे लागले. उत्झन आणि ओव्ह अरुप यांचे इंजिनियर वर्षामागून वर्षें छपराचे आकार बदलून पाहात होते. शेवटीं १९६१ मध्यें तोडगा निघाला, आणि तो निघाल्यावर इतका सोपा वाटला कीं हसूं यावें. सारीं छपरें वेगवेगळ्या आकारांचीं ठेवण्याऐवजीं, तीं एकाच मोठ्या गोलाच्या सालीचे तुकडे समजावयाचीं! गोलाची त्रिज्या ७५ मीटर. एकदां वक्रता एकच ठरली कीं, तेच ते सांचे पुन्हां पुन्हां वापरून तुकडे जमिनीवर ओतावे आणि वर नेऊन जोडावे. असे दोन हजारांहून अधिक तुकडे जोडले गेले, आणि त्यांवर स्वीडनमध्यें भाजलेल्या दहा लाखांहून अधिक टाइल्स बसल्या.

पण खर्च वाढत होता. पहिला अंदाज सत्तर लाख डॉलर आणि मुदत चार वर्षें. प्रत्यक्षांत दहा कोटि वीस लाख डॉलर आणि चौदा वर्षें. त्यांतला बराच पैसा लॉटरीच्या तिकिटांतून उभा राहिला, हें मात्र लक्षांत ठेवावें. १९६५ मध्यें सरकार बदललें. नव्या बांधकाममंत्र्यांनीं, डेव्हिस ह्यूझ यांनीं, हिशेब हातीं घेतला. आराखड्यांवर शंका काढल्या. उत्झनचे पैसे थांबविले. आंतल्या सभागृहांचे लांकडी नमुने करून पाहण्यासाठीं त्याला पैसे हवे होते. ते मिळाले नाहींत. १९६६ च्या फेब्रुवारींत त्यानें काम सोडलें. हजारभर लोकांनीं सिडनींत मोर्चा काढला. उपयोग झाला नाहीं. उत्झन बायकामुलांसह देश सोडून गेला, तो पुन्हां कधींच आला नाहीं.

आंतलें काम दुसऱ्या शिल्पज्ञांनीं पुरें केलें. त्यांच्या माथीं मोठी जबाबदारी आली; कारण मधेंच ठरलें कीं मोठें सभागृह वाद्यवृंदासाठींच ठेवावें आणि संगीतनाटकांनीं लहान सभागृहांत भागवावें. ती अडचण अजून पुरती फिटलेली नाहीं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्यें राणी एलिझाबेथनें उद्घाटन केलें. उत्झन तेथें नव्हता. पुढें १९९९ पासून सिडनीकरांनीं त्याच्याशीं पुन्हां संबंध जोडला. त्यानें दूर राहून सल्ला दिला, आणि त्याच्या कल्पनेप्रमाणें एक दालन सजविलें गेलें. २००७ मध्यें ती वास्तु जागतिक वारसा ठरली. २००८ मध्यें उत्झन वारला. ज्या इमारतीवरून आज एका खंडाची ओळख पटते, ती पुरी झालेली तिच्या निर्मात्यानें डोळ्यांनीं पाहिली नाहीं!

ही हकीगत ऐकून कोणी म्हणेल कीं पैशाचा हिशेब मागणारा मंत्री हाच खलनायक. मी तसें म्हणणार नाहीं. लोकांच्या पैशाचा हिशेब विचारलाच पाहिजे. परंतु गणित सुटण्याआधीं पाया खणला जातो, तेव्हां पुढच्या प्रत्येक बदलाचा दोष शेवटीं आराखडा काढणाराच्या माथीं बसतो; आणि हिशेब बंद झाल्यावरहि कांहीं दशकांनीं त्याचा अर्थ बदलतो, एवढें खरें.

आपल्या देशांतहि हा प्रवाह त्याच काळांत आला. फाळणींत लाहोर गेलें, तेव्हां पंजाबला नवी राजधानी हवी होती. पहिले शिल्पज्ञ अमेरिकेचे. त्यांपैकीं मॅथ्यू नोव्हिस्की १९५० मध्यें विमान-अपघातांत मरण पावले. मग थापर आणि वर्मा हे दोन अधिकारी युरोपांत गेले, आणि ल कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, व इंग्लंडचें मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हें दांपत्य, अशी मंडळी चंदीगडच्या कामास आली. तेथील न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा हीं मार्सेयच्याच जातीच्या उघड्या काँक्रीटचीं आहेत. परंतु मार्सेयला यंत्रें होतीं. येथें स्त्री-पुरुष मजुरांनीं पाट्यापाट्यांनीं तें काँक्रीट डोक्यावरून वर नेलें. ल कॉर्ब्युझिएची कीर्ति मोठी. पण चंदीगडमध्यें राहून साध्या घरांपासून शाळांपर्यंत सारें करणारा जानरे. तो १९६५ पर्यंत तेथेंच राहिला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणें त्याच्या अस्थि तेथल्या सुखना तलावांत विसर्जित झाल्या.

आणि आपण मराठी माणसांनीं आणखी एक नांव आठवलें पाहिजे. कोंकणांतील आचरें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकले आणि अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत ग्रोपिअसच्या हाताखालीं तयार झाले. परत आल्यावर अहमदाबादेस कापडगिरण्यांच्या संशोधनसंस्थेची इमारत त्यांनीं गुरूच्या धाटणीनें बांधली. पण पुढें कानपूरच्या तंत्रसंस्थेंत त्यांनीं विटांच्या भिंती, सावलीचे जोडमार्ग आणि मोकळीं अंगणें यांचा मेळ घातला. आपल्या हवेंत कांचेची भिंत म्हणजे काय, हें प्लेनोच्या डॉक्टरीणबाईंना राहून जें कळलें, तें आपल्याला कोंकणांत जन्मतःच ठाऊक असतें! मुंबईंतील नेहरू विज्ञान केंद्र हेंहि त्यांचेंच काम.

आतां शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या दाराशींचा आहे. काँक्रीट अमर आहे ही समजूत खोटी आहे. हवा आणि पाणी हळूहळू आंत शिरतात, सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडून काढते. समुद्रकांठीं हें लवकर होतें. वेळीं लक्ष दिलें तर दुरुस्ती होते, न दिलें तर इमारत धोक्याची ठरते, आणि मग ती पाडावी हेंच शहाणपणाचें दिसूं लागतें. दिल्लींत १९७२ च्या जागतिक व्यापारी प्रदर्शनासाठीं राज रेवाल आणि इंजिनियर महेंद्र राज यांनीं बांधलेलें भव्य दालन, हॉल ऑफ नेशन्स, हें तर चांगलें उभें होतें. दुसरीकडे असलें काम पोलादी नळ्यांचें करतात, तें येथें आपल्या कारागिरांनीं काँक्रीटमध्यें हातानें ओतून केलें होतें. वारसा ठरावयास इमारतीचें वय साठ असावें लागतें, असें उत्तर त्याला मिळालें. आणि २०१७ च्या एप्रिलमध्यें एका रात्रींत तें पाडलें गेलें. पंचेचाळीस वर्षांची ती वास्तु म्हातारी होण्याआधींच गेली.

सारींच जुनीं बांधकामें राखावींत, असें माझें म्हणणें नाहीं. प्रत्येक पिढीला आपलें घर बांधण्याचा हक्क आहे, आणि ज्या इमारतींत राहाणारांचा जीव धोक्यांत आहे ती शोभेसाठीं उभी ठेवणें हा क्रूरपणा होय. परंतु पाडण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी. ही वास्तु वाईट बांधली गेली, कीं वाईट राखली गेली? हिच्यांत जीं माणसें राहिलीं त्यांना कोणी विचारलें काय? आणि आज जी आपल्याला कुरूप वाटते, ती आपल्या नातवंडांना तशीच वाटेल, याची आपणांस खात्री आहे काय? सेंट लुईनें पहिला प्रश्न विचारला नाहीं, प्लेनोनें दुसरा. आणि मार्सेयच्या लोकांनीं पहिल्या दिवशींच निकाल दिला असता तर आज त्यांच्या हातीं कांहींच उरलें नसतें.

घर बांधून पाहावें, हें खरेंच. पण एकदां बांधलें म्हणजे तें राहून पाहावें, राखून पाहावें, आणि मगच तें गेलें तर चालेल कीं नाहीं, हें ठरवावें.